बसू न देणारी खुर्ची

"उशी, वर ये गं! दूध निवतंय!" आईने वरून हाक मारली.

"येते. जरा स्वप्न बघते आणि येते," असं म्हणून उशी जिन्याच्या मधल्या वळणावर पायरीला टेकली.

खाली दुकान, वर घर आणि मध्ये हा एवढासा जिना. पण अलीकडे उशी तो एका दमात चढत नसे. वळणावर बसायची, गालाला हात लावून खिडकीबाहेर बघायची आणि छातीचा भाता शांत झाला की उठायची. पोर स्वप्नाळू आहे, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. स्वप्न बघताना माणसाला एवढा घाम का फुटावा, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

सुचणार कसं? त्यासाठी कुणीतरी उठून जिन्यापर्यंत यायला हवं होतं, आणि त्या घरात उठायची पद्धत नव्हती. उशीचे बाबा आरामखुर्च्या बनवायचे, तेही बसून. आई त्या खुर्च्यांची कापडी कव्हरं शिवायची, मशीनपुढे बसून. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, दुकानाचा फोन सांभाळायची. खुर्चीबद्दल कुणाची काहीही तक्रार आली, तरी तिचं उत्तर एकच असे. "नवीन आहे हो. सवय होईल." पुष्कळांना खरोखरच सवय होत असे, त्यामुळे दुकानाचं नाव चांगलं होतं.

आणि दहा वर्षांची उशी ही त्या दुकानातली सगळ्यात महत्त्वाची कामगार होती. जन्मल्यावर पहिले काही महिने ती दुकानातल्या उशांच्या ढिगावरच झोपली, म्हणून तिचं नाव उशी पडलं. खरं नाव फक्त शाळेत वापरायचे. ती शाळेतून आली की तयार झालेल्या खुर्चीत तिला बसवायचं, हातात बिस्किटांचा पुडा द्यायचा, शेजारी थंड पेयाची बाटली ठेवायची, समोर टीव्ही लावायचा. पुडा संपायच्या आत उशीचा डोळा लागला, की खुर्ची पास. ती जागी झाली की बाबा स्टूल ओढून जवळ बसत आणि मोठ्या गंभीरपणे विचारत, "काय दिसलं?"

"बोटीत होते. सारखी डुलत होती," उशी सांगायची आणि बाबा लगेच स्प्रिंगा आवळायला घ्यायचे.

"टेकडीवरून घसरत होते, पण डाव्या अंगाने," असं ती म्हणाली की बाबा डावा पाय तपासायचे. तो सूतभर आखूड निघायचाच. एकदा तिच्या स्वप्नात एक अस्वल आलं. त्या अस्वलाने तिला मांडीत घेऊन गोष्ट सांगितली. ती खुर्ची विकायला बाबांचं मन होईना, शेवटी आत्याने परस्पर विकली. माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्यालाही ही रीत पाठ होती. उशी जिच्यातून डोळे चोळत उठली, ती खुर्ची उचलायची, जास्त विचारायचं नाही.

त्या दिवशी दूध अगदीच गार झालं, तेव्हा आई स्वतः पेला घेऊन खाली आली. उशीशेजारी पायरीवर बसली. मायेने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात तिने तसाच ठेवला. आत काहीतरी धाडधाड वाजत होतं.

"उशी, हे कसलं स्वप्न गं?" आईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सगळं घर समोरच्या रस्त्यावरच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलं. डॉक्टर मनाने मोठे होते आणि देहानेही. त्यांच्या प्रत्येक हालचालीबरोबर त्यांची खुर्ची कण्हत होती. त्यांनी उशीचं वजन केलं, उंची घेतली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, रक्त तपासायला पाठवलं. सुई टोचताना तिने हूं की चूं केलं नाही, त्याचं बक्षीस म्हणून स्टेथोस्कोप तिच्या कानांत घातला.

"सांग बरं, काय ऐकू येतंय?"

उशीने डोळे मिटले. "आत कुणीतरी जिना चढतंय. दोन्ही हातांत जड पिशव्या आहेत त्यांच्या."

डॉक्टर हसले, पण रक्ताचे आकडे आल्यावर त्यांनी आईबाबांना आणि आत्याला समोर बसवलं, तेव्हा हसत नव्हते.

"हृदय आज ठणठणीत आहे, घाबरू नका. पण वजन उंचीच्या मानाने फार पुढे गेलंय. रक्तदाब चढा आहे, रक्तातली चरबीही. मोठेपणी माणसाला हृदयविकार होतो ना, त्याची तयारी कधीकधी या वयातच सुरू होते. रक्तवाहिन्यांना आतून थर धरायला लागतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. चांगली गोष्ट एवढीच, की या वयात गाडी परत फिरवता येते."

"म्हणजे हिला उपाशी ठेवायचं?" आईचे डोळे भरून आले.

"मुळीच नाही. तिची उंची वाढू द्या आणि वजन आहे तिथेच थांबू द्या. बिस्किटांचे पुडे बंद, बाटलीतली गोड पेयं बंद. रोज तासभर तरी खेळणं, पळणं, चालणं. बसणं कमी. आणि एक सांगतो, हे पथ्य तिच्या एकटीचं नाही. घराचं आहे."

तो शेवटचा शब्द तिघांनीही नीट ऐकला आणि प्रत्येकाने तो उरलेल्या दोघांसाठी आहे असं गृहीत धरलं.

निघताना डॉक्टरांनी बाबांना थांबवलं. "तुम्ही खुर्च्या करता ना? मग माझी ही बघा की. रडते नुसती. एक छानशी करून द्या. दिवसभर बसावं लागतं हो."

"अशी देतो डॉक्टर, की एकदा बसलात की उठावंसं वाटणार नाही!"

"वा! तशीच हवी," डॉक्टर म्हणाले. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो इथे असा होता.

त्या दिवसापासून बाबांचं कशात लक्ष लागेना. बोटावर हातोडी बसली तरी त्यांना कळायला वेळ लागे. पोरीला बसवलं कुणी? आपणच. हातात पुडा दिला कुणी? तोही आपणच. ती झोपली की आपल्याला आनंद व्हायचा, आणि आत तो कोण बिचारा पिशव्या घेऊन जिना चढत होता! बाबांना रडू आलं. ते त्यांनी कापसाच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून उरकून घेतलं.

"मी काय म्हणते," जेवताना आई म्हणाली, "आपणच रोज संध्याकाळी तिला घेऊन फिरायला गेलो तर?"

बाबांनी ताटात मान घातली.

"आणि फोन आला म्हणजे?" आत्या म्हणाली.

"त्याची काही गरज नाही!" बाबांनी एकदम मांडीवर थाप मारली. "बस म्हणणारी खुर्ची मी केली, आता ऊठ म्हणणारीही मीच करणार. अशी खुर्ची, की तिच्यात माणसाला दोन मिनिटं बसवणार नाही. दुसरी एकही खुर्ची घरात ठेवायची नाही. बसावंसं वाटलं तर हीच. पोरगी आपोआप उठेल, आपोआप पळेल. आपल्याला काही करायलाच नको."

शेवटचं वाक्य सगळ्यांना फार आवडलं.

मग दोन खुर्च्यांचं काम एकदमच सुरू झालं. डॉक्टरांसाठी आणलेलं निळं कापड पुष्कळ उरत होतं, म्हणून आईने काटकसर करून दोन्ही खुर्च्यांना तेच वापरलं. वरून बघाल तर जुळ्या बहिणी. पण डॉक्टरांच्या खुर्चीत बाबांनी जीव ओतला होता. बसणाऱ्याच्या कमरेला कुठे आधार लागेल, मान कुठे कलेल, सगळा विचार केला होता. दुसरीची बैठक त्यांनी किंचित पुढे उतरती केली. मधली एक स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा जरा उंच ठेवली. पाठ अशी, की जिथे आधार हवा नेमकी तिथेच संपते. हात असे, की कोपर ठेवलं की घसरतं. जे जे आयुष्यभर टाळलं, ते ते त्यांनी मुद्दाम केलं. बाकीचा माल मागच्या खोलीत कुलपात गेला आणि घरात कामापुरती दोन स्टुलं तेवढी उरली.

डॉक्टरांची खुर्ची न्यायच्या दिवशी आईबाबा दोरे-कापड आणायला बाहेर गेले होते, उशी शाळेत होती. दुकानात आत्या एकटीच. जुळ्या खुर्च्या समोर असताना बाई किती वेळ स्टुलावर बसेल? आत्या आधी एकीत बसली आणि 'अगं आई गं' करून उठली. मग दुसरीत बसली. फोन मांडीवर घेतला. पुढचं तिला आठवत नाही.

टेम्पोवाला आला तेव्हा एक खुर्ची रिकामी होती आणि दुसरीत आत्या घोरत होती.

"आत्याबाई," त्याने दारातूनच हळू हाक मारली. "अहो आत्याबाई, डॉक्टरांची कुठली? दोन्ही सारख्याच दिसतायत."

आत्याने कूस बदलली.

"उशीताई कुठल्या खुर्चीत झोपली होती तेवढं तरी सांगा."

"झोपायला देत नाहीत हल्ली तिला," आत्या पुटपुटली. हे ती झोपेत म्हणाली की जागेपणी, ते सांगता येणार नाही.

टेम्पोवाल्याने डोकं खाजवलं. रीत मोडली की माणसाचा गोंधळ होतोच. एक खुर्ची न्यायची तर तिच्यातून आत्याबाईंना उठवावं लागणार होतं, आणि त्यांना दुपारी उठवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. "मग ही रिकामी नेऊ का?"

"नवीन आहे हो," आत्या झोपेतच म्हणाली. "सवय होईल."

त्याने रिकामी खुर्ची उचलली.

आईबाबा परत आले. एक खुर्ची गेलेली पाहून बाबांना समाधान वाटलं आणि दुसरीत ताईला बघून ते जागच्या जागी थिजले.

"ताई! अगं, ही बसू न देणारी खुर्ची आहे. तू हिच्यात झोपलीस कशी?"

"कोण झोपलंय? मी डोळे मिटून विचार करत होते," आत्या म्हणाली आणि फोन उलटा कानाला लावला.

"ऊठ, मला बघू दे. काहीतरी चुकलंय माझं." बाबा खुर्चीत बसले. मागे टेकले. मान कलली. डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते आणि त्यांच्या अंगावर पांघरूण होतं.

"अहो, एकदा आतून उघडून बघा ना," आई म्हणाली.

"त्यात उघडायचं काय? मीच केलीय, मला ठाऊक नाही?" बाबा स्वतःच्या दोन्ही हातांकडे टक लावून बघत होते. त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "एवढी वाईट करायला गेलो गं मी. जीव तोडून वाईट केली. तरी बघ कशी झाली! माझ्या हातून वाईट खुर्ची होतच नाही."

एकदा माणसाला स्वतःच्या हाताचं असं कौतुक वाटायला लागलं, की तो स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाही. खुर्ची तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी उशी शाळेतून आली. तिला खुर्चीत बसवून बघायचं होतं, पण आत बाबा होते. बाबा उठले तर आत्या बसली. आत्या फोन घ्यायला वळली तेवढ्यात आईने "पाचच मिनिटं हं" म्हणून पाठ टेकली आणि संध्याकाळचा स्वयंपाक लांबला. उशीसाठी आणलेल्या बिस्किटांचे जुने पुडे कपाटात पडून होते. पोरीच्या हाती लागायला नकोत म्हणून ते जो खुर्चीत असेल त्याने संपवून टाकायचे ठरले. बाटल्यांचंही तसंच. नवे आले तेही त्याच चांगल्या हेतूने संपत गेले. आयत्या बिळावर नागोबा तीन झाले आणि पोरीला बसायला जागाच उरली नाही.

पण दुकानाची कामं थोडीच झोपतात? निळा दोरा संपला, गिऱ्हाइकाला निरोप द्यायचा राहिला, घरात दूध नाही, भाजी नाही. खुर्चीतून एक डोळा उघडायचा आणि आवाज यायचा, "उशी, जरा जाऊन येतेस का गं?"

पहिल्यांदा उशी दर दिव्याच्या खांबाला टेकत गेली. प्रत्येक खांबाशी एक लहानसं स्वप्न बघून झालं की पुढचा खांब. कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानातून पांढरी वाफ येत होती, तिच्यातून उशी मुद्दाम गेली. पलीकडे निघाली तेव्हा आपण ढगातून उतरलो असं तिला वाटलं. कालव्यावरच्या पुलावर तिने खाली पाहिलं, तर तिच्याआधी तिथे पोचलेली दुसरी एक उशी पाण्यात उभी होती. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ लागला. तो चढायचं काही कारण नव्हतं, दोऱ्याचं दुकान अलीकडेच होतं. पण वर पतंगासारखं काहीतरी हलत होतं, ते काय आहे हे बघायला हवं होतं. अर्ध्या वाटेवरून ती परत आली.

दुसऱ्या दिवशी आणखी थोडी वर गेली. कधीतरी एकदा टाकीपाशी पोचली. हलत होती ती कुणाची तरी वाळत घातलेली चादर. तिथल्या मोकळ्या जागेवर मुलं धावत होती, त्यांना एक गडी कमी पडत होता. उशी म्हणाली, मला धावता येत नाही. मुलं म्हणाली, मग हळू धाव. असं कुणी तिला आजवर म्हटलं नव्हतं.

स्वप्न पडायला झोपावं लागत नाही, डोळे उघडे ठेवून चालताचालताही ते पडतं, हा शोध उशीला त्या दिवसांत लागला. शोध मोठा होता, पण सांगायचा कुणाला? घरी आल्यावर ती पिशवी ठेवायची, स्टूल ओढून खुर्चीपाशी बसायची आणि बाबांना जाग आली की मोठ्या गंभीरपणे विचारायची, "काय दिसलं?"

"बोटीत होतो," बाबा जांभई देत सांगायचे. "बेटावर उतरायचं होतं, पण कोण उतरणार?"

इकडे डॉक्टरांचे फोन यायला लागले होते.

"अहो, ही तुमची खुर्ची… बसवत नाही हो हिच्यात."

"नवीन आहे. सवय होईल," आत्या खुर्चीत पाय पसरून म्हणाली.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "सवय होत नाहीये. घसरायला होतं. पाठीत काहीतरी टोचतं."

"बसणाऱ्याचं वजन जास्त असलं की असं होतं कधीकधी," आत्या गोड आवाजात म्हणाली. "किती आहे तुमचं?"

आयुष्यभर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारलेल्या माणसाने फोन अलगद खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी पुन्हा तक्रार केली नाही.

दिवस असे डुलत डुलत गेले. दुकानात पंखा फिरायचा, कापसाचे पुंजके उन्हात तरंगायचे, खुर्चीतून मंद घोरणं यायचं. उशी आत-बाहेर करायची. तिचा फ्रॉक कमरेला सैल झाला आणि गुडघ्याच्या वर गेला. आईने मान डोलावून कापडाला दोष दिला. एकदा बाबांना जाग आली तेव्हा ते गोंधळलेले दिसले.

"काय दिसलं?" उशीने विचारलं.

"जिना होता गं," बाबा छाती चोळत म्हणाले. "संपतच नव्हता."

उशीला बाबांच्या उत्तराची काळजी वाटली. जिन्याचं स्वप्न खुर्चीमुळे पडत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणीचा दिवस आला. दवाखान्यात शिरताच बाबांना वाटलं की चुकीच्या दारातून आलो. डॉक्टर उभे होते. त्यांची पँट पट्ट्याला गोळा झाली होती. एक पेशंट तपासून ते चटकन दुसऱ्या टोकाला जाऊन हात धुऊन आले. निळी खुर्ची कोपऱ्यात होती आणि तिच्यात मुलांची खेळणी बसली होती.

त्यांनी उशीला तपासलं. रक्तदाब दोनदा घेतला. रक्ताचे आकडे आईच्या हातात आधीच होते, ते वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, "उत्तम! वजन जवळपास तेवढंच, उंची वाढलीय, रक्तदाब जागेवर, चरबीही उतरलीय. शाबास! काय केलंत तुम्ही?"

"खुर्ची!" बाबांची छाती फुगली. "बसू न देणारी खुर्ची केली मी. म्हणजे तशी ती नीट जमली नाही, माझ्या हातून वाईट होतच नाही ना. फार आरामशीर झाली. निळी. तुमच्या खुर्चीसारखीच. पण गुण आलाच बघा."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. मग सावकाश कोपऱ्यात गेले, एकेक खेळणं खाली काढलं आणि म्हणाले, "जरा इथे बसता का?"

बाबा बसले. पुढे घसरले. सावरायला कोपर टेकलं, ते निसटलं. मागे टेकायला गेले, तर पाठ संपली होती. "आई गं!" म्हणून ते ताडकन उठले.

"ही माझी आहे!" बाबा ओरडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर आळीपाळीने दुःख आणि आनंद उमटू लागले. "म्हणजे माझ्या हातूनही वाईट खुर्ची होते… आणि काय सुरेख वाईट झालीय हो!"

"पहिले काही दिवस तुमच्या नावाने बोटं मोडली मी," डॉक्टर म्हणाले. "बसवेना, म्हणून फिरत फिरत पेशंट बघायला लागलो. दुपारी इथे पडून राहता येईना, म्हणून चालत घरी जायला लागलो. मग बरंच वाटायला लागलं, तेव्हा गप्प बसलो. म्हणजे बसलो नाही, तेच."

"म्हणजे घरात इतके दिवस…" आईने पदराने घाम पुसला.

"डॉक्टरांची," आत्या म्हणाली. "तरीच मला विचार करायला एवढं सुचत होतं."

"आणि उशी? ती त्या खुर्चीत बसली नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला बसायला मिळालंच नाही," उशी म्हणाली. "कधीही बघा, कुणीतरी झोपलेलंच. मग मी टाकीपर्यंत जाऊन यायची. तिथे मी हळू धावते. आता तेवढं हळू नाही."

डॉक्टर पोट धरून हसले, आणि आता त्यांना धरायला पोट कमी पडत होतं. हसता हसता त्यांची नजर बाबांकडे गेली. बाबा खुर्चीतून उठले होते खरे, पण अजून दम खात होते. त्यांच्या शर्टाची मधली दोन बटणं लागलेली नव्हती. डॉक्टरांनी न विचारताच त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. पारा चढला आणि डॉक्टरांचं हसू उतरलं.

"पुन्हा एकदा बघू," ते हळूच म्हणाले.

पुन्हा बघितलं. डॉक्टरांनी एका मोठ्या माणसांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, तपासण्या सांगितल्या, आजच जा म्हणाले. स्टेथोस्कोप गळ्यात घालता घालता थांबले आणि तो उशीच्या कानांत दिला. उशीने बाबांच्या छातीवर गोल चकती टेकवली आणि डोळे मिटले.

"काय ऐकू येतंय?" बाबांनी विचारलं. एवढे घाबरलेले बाबा उशीने कधी पाहिले नव्हते.

"कुणीतरी जिना चढतंय," उशी म्हणाली. "खूप पिशव्या आहेत. बाबा, माझी बिस्किटंसुद्धा त्यांच्याच हातात आहेत."

"मी म्हणालो होतो, पथ्य घराचं आहे," डॉक्टर म्हणाले. या वेळी तिघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे बघितलं नाही. तिघंही खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होते.

निळ्या खुर्च्यांची अदलाबदल करायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. मोठ्या डॉक्टरांनी बाबांना गोळ्या दिल्या, पथ्य दिलं आणि चालायला सांगितलं, सावकाश, थांबत थांबत, पण रोज. मग प्रश्न उरला त्या दुसऱ्या, आरामाच्या खुर्चीचा. विकून टाकू, आई म्हणाली. माझ्या खोलीत ठेवू, आत्या म्हणाली. पण घरात आता चालत होतं ते उशीचं.

"गच्चीवर ठेवायची, जिन्याच्या खोलीत," उशीने सांगितलं. "ज्याला तिच्यात स्वप्न बघायचंय, त्याने चढून यायचं."

टेम्पोवाल्याने खुर्ची वर नेऊन ठेवली आणि या वेळी रिकामी आहे ना, हे तीनदा बघून घेतलं. संध्याकाळी घराची पहिली वरात जिना चढायला निघाली. उशी पुढे, तिच्यामागे बाबा, मग आई, सगळ्यात शेवटी आत्या. उशी बघता बघता वर पोचली. वळून बघते तो बाबा दिसेनात. ती उड्या मारत खाली आली. बाबा मधल्या वळणावर, नेमके तिच्याच पायरीवर, गालाला हात लावून बसले होते.

"तू हो पुढे," बाबा म्हणाले. "मी जरा स्वप्न बघतो आणि येतो."

उशी त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आतलं धाडधाड ऐकत राहिली. ते हळूहळू शांत झालं. खिडकीबाहेर दूर पाण्याच्या टाकीपाशी एक चादर उन्हात हलत होती.

"काय दिसलं?" तिने विचारलं.

"तू," बाबा म्हणाले. "वरून हाक मारत होतीस."

"मारतेच आहे. चला." तिने हात पुढे केला. बाबांनी तो धरला आणि ते उठले.

तेवढ्यात खालच्या पायरीवरून आत्याचा आवाज आला. "अगं ए! हा जिना एवढा उंच कधी झाला? माझ्याच्याने नाही व्हायचं हे!"

उशीने कठड्यावरून खाली डोकावून बघितलं.

"नवीन आहे गं, आत्या," ती म्हणाली. "सवय होईल."